रविवारचा काटा – भाग ४ (वाढलं तरी लिहायचं)

कुंदकळी | रविवार, सकाळी ६:५०

७५.८

आकडा आधीच लिहून टाकला. नाहीतर नेहमीसारखे तीन परिच्छेद लिहून सगळं पुसलं असतं आणि चहा करायला उठले असते.

एप्रिलनंतर मी इथे फिरकले नाही. शेवटची नोंद ६९.४ होती. म्हणजे सहा किलो चारशे ग्रॅम परत आलेत. भाग ३ फार लांबला म्हणून नवा धागा काढतेय, असं सांगता येईल. खरं म्हणजे त्या धाग्यात खाली खाली जाऊन माझ्या नावापुढच्या रिकाम्या जागा बघायची हिंमत नव्हती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२१ च्या जानेवारीत आम्ही अकरा जणींनी हे सुरू केलं. लॉकडाउनमध्ये घरोघरी केक आणि पाणीपुरी करून झाली होती, त्याची फळं अंगावर दिसत होती. मी तेव्हा ८४.६, उंची पाच फूट दोन. नियम एकच: रविवारी उठल्यावर, चहाच्या आधी, काट्यावर उभं राहायचं. कमी झालं तर नुसता आकडा टाकायचा, वाढलं तर आकडा आणि एक ओळ. नियम मीच केला आणि मीच मोडला.

मे महिन्यात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग वॉकर. भाऊ परदेशी, त्यामुळे पुणे-सातारा फेऱ्या माझ्याच. चालणं बंद झालं, जेवणाची वेळ राहिली नाही. रात्री तिच्यासाठी शिरा करायचे, ती दोन घास खायची, उरलेला मी कढईतच उभ्याने संपवायचे. पोट भरलेलं असायचं हो, तरी.

जुलैत काट्याचा सेल गेला. चाळीस रुपयांचा गोल सेल, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो. तो आणायला मला चार महिने लागले.

आणि शेवटी आणला तो कशामुळे, तर ब्लाउजमुळे. भाच्याचं लग्न तोंडावर आलं म्हणून पैठणीवरचा ब्लाउज घालून बघितला, हूक लागेना. २०२३ मध्ये ६९ झाले तेव्हा सगळे ब्लाउज आत घेऊन घेतले होते. शिंपीकाकांना ऐटीत म्हटलं होतं, शिवणीतली माया कापून टाका, आता लागायची नाही. ते म्हणाले, ‘असू द्या की आत, कुणाला दिसतेय?’ मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. काल त्यांनीच पंधरा मिनिटांत उसवून, दुसरी शिलाई मारून दिली. चकार शब्द काढला नाही. पैसेही घेत नव्हते.

तर ही माझी एक ओळ. जरा लांबली.

संत्रानगरी | रविवार, सकाळी ७:०५

अवं बाप्पा, आली एकदाची! मी तं दर रविवारी तक्त्यात तुझ्या नावापुढे रेघ मारून राहिली होती. एकोणतीस रेघा झाल्या, मोजल्या आहेत.

७५.८ नोंदवलं. आई आता कशी आहे ते आधी सांग. वजनाचं मागून पाहू.

सहा_चाळीसची | रविवार, सकाळी ७:३१

कुंदे, बरं वाटलं तुझं नाव वर बघून. ६६.१.

स्पष्टवक्ती | रविवार, सकाळी ८:१४

पहिल्यांदाच लिहिते आहे. राग मानू नका, पण हे सगळं वाचून वाटतं की आपण बायका कारणं शोधण्यात पटाईत. आई आजारी, सासू आजारी, मुलांची दहावी. शेवटी हिशोब साधा आहे, खाल्लं ते जळलं नाही की चढतं. शिरा कढईत उरला तर फ्रीजमध्ये ठेवता येतो. मी चौदा किलो कमी केलं, कुणाच्या आधाराशिवाय. मनाचा निश्चय लागतो, बाकी भूक म्हणजे मनाचे खेळ.

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ८:२०

अभिनंदन चौदा किलोबद्दल. कधी केलंत? आणि टिकवून किती दिवस झाले?

स्पष्टवक्ती | रविवार, सकाळी ८:२६

जूनपासून. पाच महिने झाले.

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ८:२७

बरं बरं. बसा. चहा घ्या.

दुर्वांकुर | रविवार, सकाळी ९:४०

ओपीडी नाही आज, त्यामुळे नीट लिहिते. (नव्यांसाठी: मी नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, पण इथे मीही काट्यावर उभी राहणाऱ्यांतलीच. ७१.०, तीनशे ग्रॅम वर. ओळ: हुरडा पार्टी.)

स्पष्टवक्ती, हिशोब साधाच आहे, तुमचं चूक नाही. पण त्या हिशोबाच्या दोन्ही बाजू शरीर हलवत राहतं. वजन उतरलं की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन घटतं. हे महिना-दोन महिन्यांत पूर्ववत होत नाही, वर्षभरानंतरही भूक जास्तच लागलेली आढळते. शिवाय सत्तर किलोचं शरीर चौऱ्याऐंशीच्या मानाने कमी जाळतं, कारण ओझंच कमी वाहायचं असतं. म्हणजे खाणं आधीपेक्षा कमी लागतं आणि भूक आधीपेक्षा जास्त. ज्यांनी वजन उतरवलंच नाही त्यांना हे कळत नाही, आणि ज्यांनी नुकतंच उतरवलंय त्यांना अजून कळायचं असतं. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. पुढचं वर्ष उतरवण्यापेक्षा अवघड जातं, तेव्हा इथे येत जा.

कुंदकळी, आता तू. ८४.६ वरून ७५.८ म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जरा जास्त तू अजूनही खालीच आहेस. पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब, गुडघे यांना फरक पडतो. तू ६९ पासून वर मोजतेयस म्हणून सहा किलोचा डोंगर दिसतो, ८४ पासून खाली मोज.

दोन गोष्टी मात्र कर. वय एकोणपन्नास आणि सात महिने धड झोप नाही, तेव्हा थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घे. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर ती उपाशीपोटी, खाण्याआधी निदान अर्धा-पाऊण तास. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या कितीतरी जणी तिन्ही गोळ्या एकाच चहाबरोबर गिळतात आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणतात.

दुसरं, प्रथिनं. आपलं वरण म्हणजे हळद घातलेलं पाणी असतं, खरं बोलू का. किलोमागे पाऊण ग्रॅमहून थोडी जास्त, म्हणजे साठ किलोच्या बाईला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा. मग वाटीभर पातळ वरणात किती असणार? डाळ घट्ट शिजव, उसळीची वाटी मोठी घे, भाताची लहान. चाळिशीनंतर स्नायू आपणहून झिजत असतात, त्यात उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर तेही जातात. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहा-दहाचे तीन फेरे. आईबरोबरच कर, तिलाही व्यायाम सांगितला असेलच.

अबोली_फोंडा | रविवार, सकाळी ११:५५

७९.६.

कुंदकळी, मी तुला धीर द्यायला नाही लिहीत, माझंच एक सांगते. दोन वर्षं मी ७९ आणि ८० च्या मधे झोके खातेय. तक्त्यात बघा, सरळ रेघ आहे, कुणी पट्टी ठेवून ओढल्यासारखी. शीत (भात) सुटत नाही. नुस्त्याचं हुमण (माशांची आमटी) समोर आलं की भाकरीने ते खायचं म्हणजे काय ते गोयंकाराला विचारा. ताट बदललं तेवढं: आधी मूठभर भाजी आणि डोंगराएवढं शीत होतं, आता भाजी आणि नुस्तें आधी, शीत मागून, एकच वाटी. सकाळी पदेर (पाववाला) येतो त्याच्याकडून पाव बंद केले, कोंड्याची पोई घेते. घोवाचे पाव चालूच आहेत, त्याला मी काही बोलत नाही. सांजेला वाड्यावरच्या पाच जणी देवळापर्यंत चालून येतो, येताना चढ आहे. आधी त्या चढावर मला दोनदा थांबावं लागायचं.

वजन तेवढंच. पण दोन वर्षं मी दर रविवारी तोच आकडा टाकतेय आणि कुणी मला म्हटलं नाही की बाय, तू कशाला येतेस. संत्रानगरी दर वेळी ‘नोंदवलं’ म्हणते. माझ्या घरात माझं काही नोंदवलं जातं अशी तेवढीच एक गोष्ट आहे.

संत्रानगरी | रविवार, दुपारी १२:१०

नोंदवलं वं अबोली. रडवू नको, जेवाले बसून राहिली मी.

तांबडा_पांढरा | रविवार, दुपारी ३:१५

७३.९, दोनशे ग्रॅम खाली. तरी एक ओळ लिहितेच, कारण तेलाचा हिशोब नव्यांनी वाचला नसेल.

आमच्या घरात चार माणसं, महिन्याला पाच लिटरचा डबा. कोल्हापूरचं घर, कटावर बोटभर तेल तरंगलं नाही तर सासऱ्यांना जेवण आजाऱ्याचं वाटतं. एक दिवस दुर्वाच्या सांगण्यावरून भागाकार केला. माणशी दिवसाला एक्केचाळीस मिली. वजनात साधारण अडतीस ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी म्हणजे तीनशे चाळीस. नुसत्या तेलाच्या! आणि मी पोळीवर तूप लावायचं की नाही यावर दोन महिने कुढत होते.

भाषणं नाही दिली. वाण्याला सांगितलं, पाचाऐवजी तीन लिटर पाठव. संपलं की संपलं, पुढच्या एक तारखेपर्यंत मागवायचं नाही. पहिल्या महिन्यात बावीस तारखेला खडखडाट. शेवटचे आठ दिवस शेजारणीकडून वाटी-वाटी आणून काढले, लाज वाटली. दुसऱ्या महिन्यात पुरलं. सासऱ्यांनी दोन आठवडे तोंड वाकडं केलं, मग त्यांनाच रात्रीचं जळजळणं कमी झाल्याचं जाणवलं. ते अजून कबूल करत नाहीत तो भाग वेगळा.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवात वाण म्हणून मी तेल मोजायचे चमचे लुटले. अर्ध्या बायकांना वाटलं औषधाचे आहेत.

सहा_चाळीसची | रविवार, रात्री १०:४८

सकाळी आकडा टाकून पळाले. दिवसभर डोक्यात घोळतंय, आता मुलं झोपली तेव्हा लिहिते.

६६.१ वर सगळ्या मला शाबासकी देता. सात महिन्यांत ७९ वरून. तुम्हाला वाटतं ठाण्याहून सहा चाळीसची गाडी पकडणारी, डबा-ऑफिस-डबा करणारी बाई कसं करते बघा. मी इंजेक्शन घेतेय. टिर्झेपॅटाइड, आठवड्यातून एकदा पोटावर. २०२५ च्या मार्चमध्ये ते भारतात आलं, माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी मे महिन्यात सुरू केलं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ होतं, ते ६.३ वर आलंय.

सांगितलं नाही कारण भाग ३ मध्ये कुणीतरी लिहिलं होतं, ‘सुई टोचून बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होणं.’ त्याखाली सहा जणींनी अनुमोदन दिलं होतं. मी सातवी. मीही अनुमोदन दिलं! आणि त्याच रात्री फ्रीजमधून पेन काढून टोचून घेतलं.

आज कुंदकळीने ७५.८ लिहिलं आणि मला माझं ६६.१ खोटं वाटायला लागलं.

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ११:०२

ते ‘कुणीतरी’ मीच. माझंच वाक्य आहे.

माझ्या वडिलांना वीस वर्षं इन्सुलिनची सुई होती, ती मीच टोचायचे. त्यांना कधी कॉपी केलीत म्हणाले नाही. तुला मात्र म्हणाले. जळफळाट होता, दुसरं काय. चुकलं माझं. भाग ३ मधलं ते वाक्य आता बदलता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता सांग, मळमळतं का? बहिणीला डॉक्टर देणार म्हणतायत, तिला विचारायचंय.

सहा_चाळीसची | रविवार, रात्री ११:१९

पहिले दोन महिने फार. लोकलमध्ये कुणी डब्यातलं लसणाचं तिखट उघडलं की मी दाराशी. अडीच मिलीग्रॅमने सुरू करतात, महिन्याने पाच, पुढे डॉक्टर ठरवतील तसं. बद्धकोष्ठता आहेच. पण खरं सांगू, सगळ्यांत नवल वाटलं ते शांततेचं. ऑफिसात चार वाजता वडापावचा वास येतो आणि डोक्यात काहीच होत नाही. इतकी वर्षं मी त्या वासाशी रोज भांडत होते, आणि बाकीच्यांना तो नुसता वास असतो हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

खर्च मात्र दर महिन्याला पोटात गोळा आणतो. तो तर मळमळीपेक्षा वाईट.

दुर्वांकुर | सोमवार, सकाळी ७:१०

बरं झालं बोललीस. तांबडा_पांढरा, बहिणीला सांग, आधी कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं, त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. मैत्रिणीचं उरलेलं पेन वापरायचं नाही, हसू नका, असं घडतं. आणि औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत येतं, म्हणून प्रथिनं आणि खुर्चीवरची उठ-बस त्यांनाही चुकलेली नाही. उलट त्यांना जास्त, कारण खाणंच इतकं कमी होतं की चरबीबरोबर स्नायूही जातात.

स्पष्टवक्ती | सोमवार, सकाळी ९:०३

काल जरा जास्त बोलले. ‘मनाचे खेळ’ हा शब्द मागे घेते. (बाकीचा नाही.)

संत्रानगरी | सोमवार, दुपारी २:३०

जेवण झालं, आता बोलतो मी जराशी.

पाच वर्षं व्हायला आली. अकरा जणी होतो, मधे सव्वीस झालो, आता नेमाने नऊ लिहितात. तक्ता माझ्याकडे आहे म्हणून मला दिसते ते तुम्हाला दिसत नाही. जी सोडून गेली ती कधी भांडून गेली नाही. दोन-तीन रविवार वाढीचे आकडे टाकले, मग एक रविवार चुकला, मग गेलीच. कमी होताना कोणी गेली नाही. म्हणजे ज्या दिवशी गरज, त्याच दिवशी बाई गायब. आणि आपण काय केलं? मी रेघ मारली. कुंदीच्या नावापुढे एकोणतीस रेघा मारल्या अन् तिला एक फोन नाही केला. नंबर होता माझ्याजवळ. वाटलं, फोन केला तं तिला वाटेल वजन विचाराले केला.

तं आता माझं म्हणणं असं आहे. दोन रविवार लागोपाठ रिकामे गेले की तिसऱ्या रविवारच्या आत मी नाहीतर अबोली फोन करणार. वजनाचा व काढायचा नाही. पोरं कशी आहेत, भाजी काय केली, पाऊस आहे का तिकडे. बस. ज्यांना चालत नसेल त्यांनी सांगून ठेवा. ज्यांना चालते त्यांनी नंबर मला निरोपातून पाठवा, इथे उघड्यावर टाकू नका.

अबोली_फोंडा | सोमवार, दुपारी २:४५

मी करीन. पण माझा फोन एक तासाचा असतो हे आधीच सांगते.

कुंदकळी | सोमवार, रात्री ९:२०

तुम्ही सगळ्यांनी मिळून आज मला ऑफिसात रडवलंत. कॅश काउंटरवर. समोरच्या आजोबांनी पासबुक परत घेतलं, म्हणाले, नंतर येतो.

संत्रानगरी, तू फोन केला असतास तर मी उचलला नसता. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा बहुतेक उचलला असता. तेवढं धरून ठेव.

सहा_चाळीसची, तुझं ६६.१ खोटं नाही गं. माझं ६९ सुद्धा कुठे एकटीचं होतं. तेव्हा आई धडधाकट होती, लेक घरी होती, नवरा सकाळचा डबा करायचा. ही सगळी माझी इंजेक्शनंच होती, फक्त फ्रीजमध्ये ठेवावी लागत नव्हती. गेली तेव्हा कळलं.

आई बरी आहे. वॉकर सुटला, काठीवर आली. दुर्वाने सांगितल्याप्रमाणे आज दोघींनी खुर्चीची उठ-बस केली. ती सहा वेळा उठली, मी नऊ. दहाव्यांदा हात टेकला. आई म्हणाली, ‘माझं हाड मोडलंय, तुझं काय मोडलंय?’

रविवारी पर्वती. १०३ पायऱ्या, मधे दोनदा थांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. पुण्यातल्या कुणाला यायचं असेल तर सकाळी सहा वाजता पायथ्याशी. वजन करून यायचं, पण तिथे बोलायचं नाही.

वाचनमात्र_०७ | पुढचा रविवार, सकाळी ५:३५

नमस्कार. भाग १ पासून वाचते आहे, कधी लिहिलं नाही. मला वाटायचं थोडं कमी झालं की मग लिहायला सुरुवात करू. असं करत साडेचार वर्षं गेली.

९१.२. पाळी चालू आहे, त्याचं पाणी धरूनसुद्धा तेवढंच असेल. मी कोथरूडला राहते. सहाच्या आत पर्वतीला पोचते की नाही माहीत नाही, पण निघतेय.

संत्रानगरी | पुढचा रविवार, सकाळी ५:४१

नोंदवलं. स्वेटर घाल वं, थंडी आहे तिकडे.